सिक्वेन्सर पुन्हा पुन्हा तालातून सुटतो? बंद-चालू करण्याआधी हे बघा

तक्रार अशी. स्टेप सिक्वेन्सर (ठरवून दिलेले स्वर आणि ठोके पायरीपायरीने, म्हणजे स्टेपने, वाजवत राहणारं यंत्र), ड्रम मशीन आणि लॅपटॉप एकमेकांना जोडलेले आहेत. प्ले दाबलं की सगळं सुरेख चालतं. सात-आठ मिनिटं झाली की किक आणि बेस यांच्यात बारीकशी फट पडते. आधी वाटतं, आपल्याच कानाचा भास. मग फट रुंदावते आणि दहाव्या मिनिटाला शेजारच्या दोन घरांत दोन वेगळी गाणी लागल्यासारखं ऐकू येतं. आपण स्टॉप दाबतो, प्ले दाबतो, गाडी रुळावर. पुन्हा सात-आठ मिनिटं सुखाची.

हा दोष चिवट आहे तो यामुळेच. बंद-चालू केलं की बरं वाटतं, म्हणून मुळाशी जायची वेळच येत नाही. मी गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे असाच काढला. मी गोव्यात मांद्र्याला राहतो. इथे हंगाम ऑक्टोबरात उघडतो, त्याआधीचे चार महिने घरात बसून पुढचे सेट बांधायचे हा माझा शिरस्ता. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी, त्यामुळे किनाऱ्यावरच्या शॅकमधला माझा सेट संध्याकाळी सूर्य कलताना सुरू होतो आणि चाळीस-पन्नास मिनिटं अखंड चालतो. मध्ये थांबून पुन्हा प्ले दाबणं तिथे चालत नाही. लोक समुद्राकडे बघत असतात हे खरं, पण कान उघडे असतात.

तीन आठवड्यांत मी काय काय केलं? केबली बदलल्या. फर्मवेअर अद्ययावत केलं. लॅपटॉप फॉरमॅट करण्यापर्यंत मजल गेली होती. एका रविवारी आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा मित्र सहज घरी आला. त्याला यातलं यंत्र एकही माहीत नाही. त्याने हेडफोन कानाला लावले, डोळे मिटले, दहा मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, “अरे, हा पळत नाहीये. हा अडखळतो. चालता चालता एकदम ठेच लागल्यासारखा. मग परत नीट चालतो, पण मागे पडलेला तो मागेच.”

माझे तीन आठवडे वाया गेले होते ते याच एका वाक्याअभावी. ताल सुटणं म्हणजे एकच दोष नव्हे. कसा सुटतो यावर कारण ठरतं, आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा. म्हणून आधी ऐका, केबलला हात नंतर लावा.

ऐकायचं कसं

दोन्ही यंत्रांवर एकच कोरडा, टोकदार आवाज लावा. रिमशॉट किंवा क्लेव्ह चांगला. रिव्हर्ब, डिले सगळं बंद. एक यंत्र डाव्या कानात, दुसरं उजव्या कानात. दोघांनी प्रत्येक बीटवर एक ठोका द्यायचा, बाकी काही नाही. आता दहा मिनिटं हात न लावता ऐका. शक्य असेल तर हे लॅपटॉपवर दोन वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, म्हणजे फट डोळ्यांनाही दिसते.

फट पहिल्या ठोक्यापासून आहे आणि तेवढीच राहते, असं असेल तर ताल सुटलेलाच नाही. तो उशीर आहे, लॅटन्सी. ऑडिओ बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप तो साठवतो ती जागा) ५१२ सँपलचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या बफरपायी साडेअकरा मिलिसेकंद जातात, तोच १२८ वर आणला तर तीनच्या आत. बफर कमी करा किंवा सॉफ्टवेअरमधल्या क्लॉक (एका यंत्राने दुसऱ्याला पाठवलेला ताल) आगे-मागे करायच्या सोयीतून तेवढं अंतर भरून काढा. यावर याहून अधिक वेळ घालवू नका.

फट सावकाश, एकसारख्या गतीने वाढत असेल तर दोन घड्याळं चालू आहेत. गती एकदम दुप्पट किंवा निम्मी असेल तर मोजणीची भाषा जुळत नाही. आणि ठेच लागत असेल तर मधेच कुठेतरी टिक, म्हणजे क्लॉकचे बारीक ठोके, गळताहेत.

सावकाश सरकणं : दोन घड्याळं

हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. तुम्हाला वाटतं ड्रम मशीन लॅपटॉपच्या मागून चालतं आहे. प्रत्यक्षात ते स्वतःच्याच घड्याळावर चालतं, फक्त प्ले आणि स्टॉपचा हुकूम बाहेरून घेतं. दोन्हींच्या पडद्यावर १४० बीपीएम (मिनिटाला १४० बीट) लिहिलेलं असतं म्हणून शंका येत नाही.

हिशेब करून बघा. एकाची गती खरोखर १४० आणि दुसऱ्याची १४०.१ असेल, तर मिनिटाला बीटचा दहावा भाग, म्हणजे दहा मिनिटांत बरोबर एक बीट पुढे. मूळ गती ९० असो वा १५०, हे गणित बदलत नाही. आणि पडद्यावर दशांश न दाखवणाऱ्या यंत्रात ०.१ चा फरक दिसणारही नाही. म्हणजे मोजून दहा मिनिटांत एक बीट सरकत असेल तर फरक ०.१, पाच मिनिटांत सरकत असेल तर ०.२. कान हेच मोजमाप.

उपाय : मास्टर, म्हणजे बाकीच्यांना ताल देणारं यंत्र, एकच ठेवा, बाकी सगळ्यांच्या सेटिंगमध्ये क्लॉक किंवा सिंक सोर्स शोधा आणि ते ‘इंटर्नल’वरून ‘एक्स्टर्नल’, ‘मिडी’ (वाद्ययंत्रांची एकमेकांशी बोलायची भाषा) किंवा ‘यूएसबी’ यांपैकी जे खरं असेल त्यावर न्या. आर्टुरियाच्या कीस्टेपसारख्या काही कंट्रोलरवर (दुसऱ्या यंत्रांना हुकूम देणारा कीबोर्ड किंवा नॉबची पेटी) ही निवड मेनूत नसून मागच्या बाजूच्या छोट्या स्विचांवर असते, आणि पिशवीतून काढता-घालताना ते स्विच नकळत सरकतात. ‘ऑटो’ नावाचा पर्याय असेल तर त्यावर विसंबू नका. क्लॉक क्षणभर खंडित झाला की काही यंत्रं ऑटोमध्ये गुपचूप स्वतःच्या घड्याळावर येतात, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

पारख करायची तर मास्टरची गती वाजता वाजता १४० वरून १०० वर आणा. मागून चालणारं यंत्र सोबत आलं नाही, तर ते मागून चालतच नव्हतं.

दुप्पट आणि निम्मं

मिडीचा क्लॉक दर बीटला २४ टिक पाठवतो. १९८३ मध्ये मिडी आलं तेव्हापासूनचा हा आकडा. त्याआधी रोलँडच्या टीआर-८०८ सारख्या यंत्रांवर डिन सिंक होतं. तेही पाच पिनांचं सॉकेट, दिसायला हुबेहूब मिडी, पण आतला कारभार अगदी वेगळा. तिथे संदेश नव्हे, नुसते विजेचे ठोके, पल्स. दर बीटला २४. कॉर्गच्या त्या काळातल्या यंत्रांत ४८. आजच्या छोट्या यंत्रांत, उदाहरणार्थ कॉर्गच्याच व्होल्का मालिकेत, ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून दर बीटला दोनच पल्स जातात. आणि पुष्कळ मॉड्युलर (सुटे भाग तारांनी जोडून वापरायच्या) सिक्वेन्सरना दर स्टेपला एक, म्हणजे बीटला चार पल्स हवे असतात.

तर दोनवाल्याचा क्लॉक चारवाल्याला दिलात की तो निम्म्या गतीने रांगणार, २४ ची अपेक्षा असलेल्याला ४८ दिलेत की दुप्पट धावणार. दोघांपैकी एकात हा आकडा बदलायची सोय बहुतेक असतेच. आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोमध्ये तर तो सरळ निवडता येतो.

दुप्पट धावण्याचं दुसरं एक कारण मात्र फसवं आहे. लॅपटॉपमधून तोच क्लॉक यूएसबीनेही जातो आणि मिडी केबलनेही जातो, आणि यंत्र दोन्ही ऐकून बेरीज करतं. २४ आणि २४, अठ्ठेचाळीस. हे दर वेळी होत नाही. ज्या दिवशी तुम्ही चार्जिंगपुरती म्हणून यूएसबीची वायर खुपसता त्याच दिवशी होतं, म्हणून डोकं चक्रावतं. एक वाट बंद करा. एबलटन लाइव्हमध्ये मिडीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टसमोर ट्रॅक, सिंक आणि रिमोट अशा खुणा असतात. आउटपुटच्या रांगेत, क्लॉक हवा त्या एकाच पोर्टसमोर सिंक चालू ठेवा. बाकीच्या ठिकाणी खूण दिसली तर ती का आहे हे स्वतःला विचारा. उत्तर सापडलं नाही तर काढून टाका.

ठेच लागणं

आता माझ्या दोषाकडे येतो, कारण यात मी सगळ्यांत जास्त पोळलो.

मिडीचा क्लॉक वेळ सांगत नाही, तो फक्त ठोके मोजायला देतो. मागून चालणाऱ्या यंत्राला ‘आता तू तिसऱ्या मात्रेवर आहेस’ असं कोणी सांगत नाही. ते बोटं मोडल्यासारखे टिक मोजतं आणि सहा टिक झाले की पुढची स्टेप वाजवतं. १६ स्टेपची एक फेरी म्हणजे चार बीट, म्हणजे ९६ टिक. यातला एक टिक वाटेत हरवला तर यंत्राला ते कळायला मार्गच नाही. १४० बीपीएमला एक टिक साधारण १८ मिलिसेकंदांचा. एक हरवला की बारीकशी ठेच. सहा हरवले की यंत्र एक अख्खी स्टेप मागे, आणि स्टॉप दाबेपर्यंत मागेच.

मित्राला हे समजावलं तर तो म्हणाला, “आमच्या टाळकऱ्याची एक टाळी चुकली तर तो पुढच्या समेला गपचूप जुळवून घेतो. याला सम कळत नाही?” नाही कळत. एवढं महागाचं यंत्र, पण सम कळत नाही.

मग प्रश्न उरला, टिक हरवतात कुठे. माझी जोडणी अशी होती : लॅपटॉपमधून क्लॉक निघतो, एका मर्ज बॉक्समध्ये जातो, तिथेच माझ्या सोळा नॉबच्या कंट्रोलरचा डेटा येऊन मिसळतो आणि दोन्ही मिळून एका केबलने ड्रम मशीनकडे जातात. मिडीची वायर ही एकेरी रस्त्यासारखी आहे. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद, तीन बाइटचा एक संदेश जायला जवळपास एक मिलिसेकंद. सेकंदाला हजारच्या आसपास संदेश झाले की रस्ता तुंबला. पेडण्याहून मोरजीला डिसेंबरात गाडीने जाऊन बघा, तसंच.

लॅपटॉपवर मिडी मॉनिटर उघडला. विंडोजवर मिडी-ऑक्स नावाचं जुनं पण विश्वासू साधन आहे. मॅकवाल्यांसाठी मिडी मॉनिटर याच नावाचं आहे. दोन्हींत क्लॉकच्या ओळी लपवता येतात, नाहीतर बाकी काहीच वाचता येत नाही. कंट्रोलर जोडला, हात मांडीवर ठेवला, आणि पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू. एकाच नॉबकडून : ७१, ७२, ७१, ७२, ७१. कोणी हात लावलेला नाही. फिल्टरचा, म्हणजे आवाजाचा उजळपणा कमी-जास्त करणारा, नॉब होता तो.

नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो, त्यात कार्बनच्या पट्टीवर एक धातूचा टोकर फिरतो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर ओलावा, मीठ, धूळ बसली की टोकर एका जागी असूनही वाचन डळमळतं. यंत्राला वाटतं कोणीतरी नॉब फिरवतंय, आणि ते इमानदारीत प्रत्येक डळमळ पुढे कळवत राहतं. नॉब एका टोकाला, शून्यावर टेकलेला असेल तेव्हा मात्र डळमळ दिसत नाही, कारण शून्याखाली जायला जागाच नसते.

इथे माझी ट्यूब पेटली. माझ्या सेटमध्ये पहिली सात मिनिटं फिल्टर बंद, म्हणजे नॉब शून्यावर, असतो. सातव्या-आठव्या मिनिटाला मी तो अर्ध्यावर उघडतो आणि तिथेच ठेवतो. ताल सुटायचा तो तिथून पुढे. आणि वैतागून स्टॉप दाबला की सवयीने सगळे नॉब मागे नेऊन शून्यावर ठेवायचो. म्हणजे दोष घालवत होता तो स्टॉप-प्ले नव्हे, नॉब मागे नेणारा माझाच हात. मी तीन आठवडे सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

तरी एक गोष्ट उरते. एकट्या नॉबने रस्ता पूर्ण तुंबत नाही, आणि मिडीच्या नियमात क्लॉकच्या बाइटला मान आहे. तो दुसऱ्या संदेशाच्या दोन बाइटच्या मध्येही घुसवता येतो. नीट बनवलेला मर्ज बॉक्स क्लॉकला पुढे सोडतो आणि बाकीच्यांना थांबवतो. माझा बॉक्स तसा नव्हता. त्याच्या आधी आणि नंतर टिक मोजले : आत जाताना दर बीटला २४, बाहेर येताना अधूनमधून २३, कधी २२. नॉब शून्यावर असताना मात्र दोन्हीकडे २४.

उपाय तीन केले, तीनही वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे कशाने काय झालं ते कळलं. पहिला, क्लॉकला स्वतंत्र केबल दिली. लॅपटॉपच्या मिडी इंटरफेसच्या एका आउटपुटमधून थेट ड्रम मशीनला, मध्ये कोणी नाही. ठेच त्याच क्षणी थांबली. खरं तर इथेच काम संपलं होतं. दुसरा, नॉबमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून पन्नासेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. डळमळ चार दिवस थांबली, पाचव्या दिवशी परत आली. पट्टी झिजलेलीच होती. तिसरा, म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून पोटेन्शिओमीटर बदलून घेतला. १० किलोओहमचा, लिनियर जातीचा होता, उंची आणि पिना जुन्याच्या मापाच्या. भाजी-पाव आणि चहाच्या खर्चात झालं. लिनियरऐवजी ऑडिओ जातीचा बसवू नका, नाहीतर नॉब अर्ध्यावर असला तरी आकडा दुसराच येईल.

एक सूचना : कड्या-बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे नॉबमध्ये मारू नका. दोन दिवस मऊ फिरतो, मग त्या तेलावर धूळ बसून चिखल होतो. आणि क्लीनर मारताना यंत्र बंद, मारल्यावर पूर्ण वाळेपर्यंतही बंद.

एका स्वराचे दोन होणं, स्वर अडकणं

ताल बरोबर आहे पण प्रत्येक स्वर पोकळ, नाकातून आल्यासारखा वाजतो. सिंथवर (सिंथेसायझरवर) एका वेळी आठ स्वर वाजायला हवेत तर चारच वाजतात. कधी एखादा स्वर अडकतो आणि वीज घालवेपर्यंत ओरडत राहतो. हे वर्तुळ झालेलं असतं. सिक्वेन्सर स्वर पाठवतो, लॅपटॉप तो घेतो आणि सौजन्याने त्याच सिंथकडे परत पाठवतो. सिंथला एकच स्वर दोनदा, काही मिलिसेकंदांच्या अंतराने मिळतो.

सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटर (आत आलेलं लगेच पुढे वाजवणं) बंद करा, किंवा त्या पोर्टचं इनपुट ट्रॅकसाठी बंद करा. सिंथलाच कीबोर्ड असेल तर त्याच्या मेनूत ‘लोकल’ (कीबोर्डची स्वतःच्याच आवाजाशी थेट जोडणी) बंद करा. खात्री करायला लॅपटॉपची केबल ओढून सिक्वेन्सर थेट सिंथला लावा. आवाज भरदार झाला तर वर्तुळच होतं.

दोष नसलेला दोष

हे लिहायला थोडी लाज वाटते. एकदा दोन दिवस शोधाशोध केल्यावर कळलं की एका ट्रॅकची लांबी १६ ऐवजी १५ स्टेप झाली होती. शिफ्ट दाबून पॅडला चुकून बोट लागलं असणार. १५ आणि १६ पुन्हा एकत्र येतात ते २४० स्टेपनंतर, म्हणजे ड्रमच्या पंधरा आवर्तनांनी. १४० च्या गतीला साधारण सव्वीसाव्या सेकंदाला. ओळखायची खूण हीच : ताल सुटतो आणि ठरावीक वेळाने आपोआप जुळतो. खरा बिघाड इतक्या लवकर आपणहून समेवर येत नाही.

तबल्या-पखवाजाची सवय असलेल्यांना यात गंमत आहे. १६ स्टेपच्या सिक्वेन्सरवर तीनताल चपखल बसतो, रूपक लावायचा तर लांबी ७ किंवा १४ करावी लागते. १४ आणि १६ सोबत सोडले तर ११२ स्टेपनी, सात आवर्तनांनी सम. मुद्दाम केलं तर हे सुंदर लागतं. नकळत झालं तर रात्रीची झोप जाते.

प्ले मधूनच दाबलं तर

सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या मधल्या भागातून प्ले दाबलं आणि सिक्वेन्सर दोन-तीन स्टेप मागे-पुढे निघाला, तर तो बिघाड नव्हे. मिडीत ‘सुरुवातीपासून’ आणि ‘थांबलास तिथून’ हे दोन निराळे हुकूम आहेत, आणि गाण्यातली जागा सांगणारा एक तिसरा संदेश आहे. हा तिसरा संदेश सगळी यंत्रं ऐकत नाहीत. मग ती शेवटी जिथे थांबली होती तिथून निघतात. सराव करताना नेहमी आवर्तनाच्या सुरुवातीवरून निघायची सवय लावा. स्टॉप दोनदा दाबला की पहिल्या स्टेपवर येणारी बरीच यंत्रं आहेत, तुमचं त्यातलं आहे का ते एकदा बघून ठेवा.

काहीच पोचत नाही

छोट्या जॅकवरून मिडी नेताना ए आणि बी असे दोन प्रकार पडले आहेत. तारा त्याच, पण जॅकच्या पिनचं टोक आणि त्यामागचं कडं यांची अदलाबदल. २०१८ मध्ये ए हा प्रकार प्रमाण ठरला, तोवर बीवाली पुष्कळ यंत्रं बाजारात येऊन गेली होती आणि ती अजून सेकंडहँडमध्ये फिरताहेत. चुकीचा अडॅप्टर लावला तर जळत काही नाही, फक्त शुकशुकाट. मी प्रत्येक अडॅप्टरवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, एला लाल आणि बीला पांढरा. बहिणीने नेलपॉलिश कुठे गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं तो वेगळा विषय. अशा मिडीसाठी केबल स्टीरिओच हवी. मोनो केबलने नुसता पल्सवाला क्लॉक जाईल, मिडी जाणार नाही.

लॅपटॉपची शिटी, आणि मधेच गुल होणारी यूएसबी

स्टेपचे दिवे जसे पळतात तशी स्पीकरमधून बारीक किणकिण येते, माउस हलवला की घरघर. चार्जरची पिन काढा. आवाज गेला तर ते ग्राउंड लूप आहे. यूएसबीच्या तारेतून दोन यंत्रांचं ग्राउंड जोडलं जातं. पाच पिनांच्या मिडीत इनपुटला ऑप्टोकपलर असतो, संदेश प्रकाशाने पलीकडे उडी मारतो आणि ग्राउंड वेगळं राहतं. म्हणून क्लॉक यूएसबीऐवजी पाच पिनांनी नेला की किणकिण पुष्कळदा तिथल्या तिथे संपते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आमच्याकडच्या जुन्या घरांत कित्येक सॉकेटना अर्थिंग फक्त दिसायलाच असतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी ते तपासून घ्या.

सेट वाजत असताना पंधरा-वीस मिनिटांनी कंट्रोलरचे दिवे विझतात आणि लगेच परत लागतात, असं होत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब मधून काढा. पॉवरबँकवर चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं : छोटं यंत्र इतकी कमी वीज ओढतं की काही पॉवरबँकांना वाटतं फोन भरला, आणि त्या स्वतःहून बंद होतात. दिवे गेले की सिक्वेन्सर बिघडला असं वाटतं, तो बिचारा उपाशी असतो. पावसाळ्यात लाइट जाण्याचा नेम नाही, म्हणून पॅटर्न बदलला की लगेच सेव्ह. प्रत्येक यंत्र ते आपणहून करत नाही.

खारी हवा

समुद्रापासून इतक्या जवळ राहिलं की धातू गंजणार, यात वाद नाही. ज्या जॅकमध्ये रोज केबल जाते-येते तो घासून स्वच्छ राहतो. महिनोन् महिने मोकळा पडलेला जॅकच दगा देतो. जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत), यंत्र वापरात नसलं तरी आठवड्यातून एकदा प्रत्येक केबल पाच-सहा वेळा आत-बाहेर करा आणि प्रत्येक नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. वापरात नसताना कॅमेरावाले ठेवतात तशा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओलावा पिऊन भरल्या की त्यांचा उपयोग शून्य, त्या वाळवून किंवा बदलून घ्या. पंख्याखाली उघडं ठेवलं तर कोरडं राहील हा भ्रम आहे. पंखा खारी हवाच फिरवत असतो.

सध्याची माझी जोडणी सांगतो. मास्टर ड्रम मशीन आहे, लॅपटॉप नव्हे. लॅपटॉप आता नुसता ध्वनिमुद्रण करतो आणि क्लॉक कोणालाही देत नाही. ड्रम मशीनमधून पाच पिनांची एक केबल थेट सिक्वेन्सरला जाते. कंट्रोलरचा डेटा वेगळ्या वाटेने फक्त सिंथकडे जातो. मर्ज बॉक्स कपाटात आहे. चवथीत रेकॉर्ड केलेल्या घुमटाचा एक ठोका डाव्या कानात, शामेळाचा (दोन्ही गोव्याची तालवाद्यं) एक उजव्या कानात लावून ही जोडणी पन्नास मिनिटं चालवली. मित्र पुन्हा हेडफोन लावून बसला होता. तिसाव्या मिनिटाला त्याने डोळे उघडले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला विचारायचं होतं की यावर धुमाळीचा ताल बसतो का.